ओळ चौदा

धाकटा घरी आला तेव्हा त्याच्या गणवेशाची बटणं तुटलेली होती आणि डावा गाल सुजून टम्म झाला होता. आई ओला फडका घेऊन धावली. ताई टेबलाशी जेवत होती, ती हातातला घास तसाच ठेवून उठली.

"कुणी मारलं रे?"

"पेशंटच्या नवऱ्याने," खुर्चीत अंग टाकत तो म्हणाला. "आणि मारलं ते काही चुकीचं नाही केलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही मारलं असतं."

धाकटा शहराच्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर होता. गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गर्दीतून वाट काढत, शिट्ट्या मारत, वेळप्रसंगी समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो पोचायचाच. ताई त्याच्याहून मोठी. तिची नोकरी एका छोट्या कंपनीत, आणि ती कंपनी बनवायची त्याच रुग्णवाहिकांमध्ये ड्रायव्हरसमोर बसवलेला छोटा पडदा. कंट्रोल रूममधून पत्ता सुटायचा, पडद्यावर उमटायचा, ड्रायव्हर निघायचा. तो पत्ता पडद्यावर आणणारा प्रोग्राम ताईने सी भाषेत लिहिलेला होता. घरात त्यावरून थट्टाही चालायची. "तुझ्या पडद्याने आज मला स्मशानात पाठवलं," असं धाकटा म्हणायचा, आणि ताई म्हणायची, "तिथे तरी वेळेवर पोचलास ना?"

त्या दिवशी कुणाला थट्टा सुचत नव्हती.

"शिलाईकाम करणाऱ्या एक बाई," धाकटा सांगू लागला. "मशीनवर बसल्या बसल्या तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला. अर्धांगाचा झटकाच होता. पडद्यावर पत्ता आला, जुन्या कापडगिरणीमागे, कामगार वसाहत, घर सहा, ओळ एक. पहिली ओळ तर फाटकाजवळच आहे. वाऱ्यासारखा गेलो. सहा नंबरला कुलूप नाही, पण दार आतून बंद. हाका मारल्या, ठोकलं, आवाज नाही. म्हटलं आत पडल्या असतील एकट्या. मी आणि नर्सने मिळून दार तोडलं."

"मग?"

"आत कुणी नाही. मागच्या अंगणात एक म्हातारा कपडे वाळत घालत होता, कानाने ठार बहिरा. त्याने आम्हाला चोर समजून बादली फेकली." तो हसला नाही. "कंट्रोल रूमला फोन लावतोय तर लागेना, कुठेतरी गोदामाला आग लागली होती, सगळ्या लायनी तिकडे. शेवटी त्यांचाच आला. म्हणे, तुम्ही कुठे आहात? म्हटलं, ओळ एक. म्हणे, अहो, ओळ चौदा! चौदावी ओळ रुळांच्या पलीकडे आहे ताई. मधून गाडीला रस्ता नाही. सगळा वळसा घालून गेलो. तोवर..."

आईने फडका त्याच्या गालावर दाबून धरला. "वाचल्या ना रे त्या?"

"जीव वाचला. बोलणं गेलंय. हात गेलाय. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर."

ताईच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि ती तिने तोंडावर फेकली. "तू नीट वाचलं नसशील."

"काय?"

"घाईत एक वाचलास आणि निघालास. पडदा चुकत नाही."

धाकट्याने मान वर केली. मार खाऊन आलेला माणूस, पण आता कुठे त्याला लागल्यासारखं दिसलं. "आमच्या विभागाच्या साहेबांनीही हेच म्हटलं. कंट्रोल रूमच्या यंत्रात ओळ चौदा नोंदलंय, म्हणजे मी खोटं बोलतोय. चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणाले. आता तूही म्हण. म्हणून घे."

"अरे, पण पत्ता लांब असेल आणि जागेत मावत नसेल, तर पडदा सांगतो. खाली लाल पट्टी येते, पत्ता अपुरा आहे, कंट्रोल रूमला विचारा. ती मीच घातली आहे."

"कुठली लाल पट्टी?"

"खालची. पडद्याच्या खालच्या कडेला."

"ताई, मी आयुष्यात लाल पट्टी पाहिलेली नाही," धाकटा म्हणाला. "जुन्या पडद्यावर यायची कधीतरी. नवे बसवले तेव्हापासून एकदाही नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं, कटकट गेली."

ताटातलं ताईने नंतर काही खाल्लं नाही.

*

ऑफिसात तिला सगळे शून्यबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं. सी भाषेत शब्द म्हणजे एकापुढे एक मांडलेली अक्षरं आणि शेवटी एक शून्य. शून्य दिसलं की यंत्राला कळतं, संपलं. ते नसेल तर यंत्र वाचतच सुटतं, शेजारच्या जागेत जे काही पडलं असेल ते. आणि जागा किती आहे हे तर यंत्र स्वतःहून कधीच बघत नाही. लहान डब्यात मोठं काही कोंबलंत, तर ते बाहेर सांडून शेजारच्याचं वाटोळं करतं. त्यामुळे कुणीही कोड तपासायला दिला की ताईचे प्रश्न ठरलेले. जागा किती? शेवटचं शून्य कुठे? आणि मावलं नाही तर कोण सांगणार? तिसऱ्या प्रश्नाला लोक जांभया द्यायचे.

सकाळी ती सरळ भांडारात गेली, नव्या पडद्यांपैकी एक फळीवरून उचलला आणि टेबलावर आणून तारा जोडल्या. कंट्रोल रूमचं काम करणारा चाचणीचा संगणक शेजारीच होता. तिने टाइप केलं. जुन्या कापडगिरणीमागे, कामगार वसाहत, घर ६, ओळ १४.

पडद्यावर आलं. जुन्या कापडगिरणीमागे, कामगार वसाहत, घर ६, ओळ १.

बस. खाली काळोख. लाल सोडा, कुठल्याच रंगाची पट्टी नाही. एवढा नीटनेटका, एवढा खरा वाटणारा पत्ता, की तिनेही तो मुकाट मानला असता. रात्रीचे शब्द तिला आठवले. तू नीट वाचलं नसशील. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने प्रोग्रामची फाइल उघडली. वर तिचं नाव, तिने लिहिलेल्या सूचना, जशाच्या तशा. आणि त्याखाली एक अनोळखी ओळ. ती वाचायला तिला क्षणही लागला नाही. मग तिने मान वळवून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"एकओळे! इकडे ये!"

एकओळे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. कुठलंही काम सांगा, "एका ओळीचं तर काम आहे" म्हणायचा आणि खरोखरच एका ओळीत उरकायचा, म्हणून ते नाव पडलेलं. वागायला गोड, हाताने चलाख. सगळ्या साहेबांचा लाडका. चहाचा कप घेऊन तो आला.

"ही ओळ तुझी?"

त्याने वाकून पाहिलं. "हो. पडद्यात नवा बोर्ड आला तेव्हाची. तू त्या दुसऱ्या कामावर होतीस ना."

"पत्ता कॉपी करायला मी इथे स्ट्रएलकॉपी वापरलं होतं."

"ते नव्या बोर्डाबरोबर आलेल्या तयार फंक्शनांत नाहीच. प्रोग्राम तयारच होईना. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. मग वर एक ओळ टाकली, की जिथे जिथे ते नाव येईल तिथे स्ट्रएनकॉपी धर. दोन्ही कॉपीच करतात. दोन्हीला जागा किती ते सांगावं लागतं. सेफ आहे."

"सेफ," ताई म्हणाली.

"एन असलेलं सेफ असतं, सगळीकडे लिहिलेलं असतं."

"माझं फंक्शन कॉपी करून सांगायचं, एवढी जागा लागली असती. म्हणून मला कळायचं की मावलं नाही. तुझं काय सांगतं? कुठे ठेवलं तो पत्ता सांगतं! मेमरीतला पत्ता! मी त्याची जागेशी तुलना करतेय, आणि तू तिथे भलताच आकडा आणून ठेवलास. कंपायलर ओरडला नाही?"

"वॉर्निंग देत होता." एकओळे कपाच्या कडेवरून बोट फिरवू लागला. "ती बंद केली. शेकडो येतात गं, कुठे बघत बसायचं."

"मग लाल पट्टी?"

"ती सारखीच दिसायला लागली. लहानसा पत्ता दिला तरी लाल. साहेब म्हणाले, गिऱ्हाइकासमोर हे काय रक्त सांडलंय? म्हणून काढली."

"आणि पत्त्याच्या शेवटी कचरा दिसत असेल. तुझं ते सेफ, जागा भरली की शेवटचं शून्य टाकतच नाही."

"दिसत होता. मग शेवटच्या घरात आपणच शून्य ठेवलं." त्याचा चेहरा जरा उजळला. "ते तर तूच शिकवलंस."

त्याच्या त्या उजळलेल्या तोंडावर चहा फेकावा असं तिला वाटलं. यंत्र जीव तोडून ओरडत होतं. कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर ओरडला, पट्टी ओरडली, पडद्यावरचा कचरा ओरडला. आणि या गड्याने एकेकाच्या तोंडात बोळा कोंबला होता. सगळं शांत झाल्यावर म्हणे काम झालं.

"एक बाई शिवणकाम करत होत्या," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता आणि त्यामुळेच एकओळेने कप टेबलावर ठेवला. "आता करत नाहीत. बोलतही नाहीत. त्यांच्या पत्त्यातला चार तू खाल्लास."

त्याला आधी कळेना. मग तिने पडदा त्याच्याकडे वळवला, आणि तो वाचता वाचता खुर्ची शोधू लागला.

*

साहेबांच्या केबिनमध्ये एसी इतका असायचा की लोक तिथे स्वेटर घालून जात. ताई तशीच गेली. ती बोलत होती तोवर साहेब मान हलवत राहिले, अगदी समजूतदारपणे. तिचं संपल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"आधी मला सांगा, तुमच्या भावाची तब्येत कशी आहे?"

"भावाचं सोडा."

"कसं सोडू? आपल्या घरचंच माणूस ते." साहेब साखरपेरणीत पटाईत होते. "हे बघा, चूक आहे, मी नाही म्हणत नाही. उद्याच दुरुस्त करू. पुढच्या अपडेटमध्ये सगळ्या गाड्यांना जाईल, कुणाला कळणारही नाही. तुमच्या भावाला त्यांनी काढलं तर आपल्याकडे डिलिव्हरी व्हॅन आहेच. पण चौकशीसाठी आपण आज सकाळीच जे लेखी दिलंय, ते दिलंय."

"काय दिलंय?"

"की आपलं यंत्र जे पाठवलं ते दाखवतं."

"आपलं यंत्र जे पाठवलं ते कापून दाखवतं!"

"हळू. बाहेर लोक आहेत."

"असू द्या लोक! तीन वर्षं मी या हॉलमध्ये घसा फोडून सांगतेय. जागा मोजा, उरलं ते सांगा. मला शून्यबाई म्हणून हसता. आणि माझा भाऊ खोटारडा? दार फोडणारा गुंड? तुम्हाला ती लाल पट्टी दिसली तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत की ती लाल का आहे. तुम्ही म्हणालात, काढा."

साहेबांचा समजूतदारपणा हळूहळू ओसरला. ते खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, त्या फाइलवर नाव कुणाचं आहे?"

ताईच्या डोळ्यांसमोर फाइलची पहिली ओळ आली.

"एकओळे कालचा पोरगा. त्याने काय केलं ते कोण वाचणार? चौकशीवाले फाइल उघडतील तेव्हा वर तुमचं नाव दिसेल. ड्रायव्हर तुमचा भाऊ, प्रोग्राम तुमचा. लोक म्हणतील, बहीण भावाला वाचवायला काहीतरी रचतेय. किंवा म्हणतील, बहिणीच्या चुकीने झालं. दोन्हीत तुमचंच नुकसान. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. ताईला आलं नाही. तिला आला तो राग, आणि तो आदल्या रात्रीसारखा अंगावर धावून येणारा नव्हता. थंड होता, आणि त्यामुळे कामाचा.

"माझं नाव आहे ना त्यावर?" ती उठत म्हणाली. "मग त्याबद्दल बोलणारही मीच."

*

चौकशी रुग्णवाहिका विभागाच्या वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत होती. मध्ये हिरव्या कापडाचं टेबल, भिंतीला टेकून खुर्च्या, एक पंखा किरकिरत फिरणारा. समितीच्या प्रमुख एक निवृत्त डॉक्टर होत्या, केस पांढरे, नजर धारदार. शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नवरा पुढच्याच खुर्चीत बसला होता. घरांना रंग द्यायचं काम करायचा तो. बोटांच्या पेरांत पांढरा रंग मुरलेला. धाकटा आत आला तशी त्याने मान फिरवली.

साहेब कोट घालून आले होते. त्यांनी तेच सांगितलं, यंत्र जे पाठवलं ते दाखवतं, कसून तपासलेलं आहे. धाकट्याने त्याचं सांगितलं. पडद्यावर ओळ एक होती, त्याने तीच वाचली. समितीतले एक गृहस्थ त्याच्याकडे बघून असं हसले की ताईच्या मुठी वळल्या.

"मला बोलायचंय," ती उभी राहून म्हणाली.

"आपण?"

"पडद्याचा प्रोग्राम माझ्या नावावर आहे. यांची बहीणही मीच. दोन्ही आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी कुजबुजायला नको."

साहेब काहीतरी म्हणू लागले. डॉक्टरबाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. ताईने पिशवीतून पडदा काढला, तारा जोडल्या, लॅपटॉप उघडला. तिने कामगार वसाहतीचा पत्ता पाठवला. पडदा टेबलावरून हातोहात फिरला. ओळ एक.

"हे तुम्ही घरी करून आणलंत कशावरून नाही?" तेच हसरे गृहस्थ म्हणाले. "तुमच्याकडचं यंत्र, तुमचा प्रोग्राम."

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "खाली अंगणात तुमच्या गाड्या उभ्या आहेत. कुठल्याही गाडीतला काढून आणा. आणि पत्ताही तुम्हीच सांगा."

माणूस खाली गेला आणि एक पडदा काढून घेऊन आला, मागे स्क्रूच्या खुणा ताज्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझ्याच घरचा घाला." आणि सावकाश सांगितला. जुनी टाकी, शिक्षक सोसायटी, दुसरं फाटक, इमारत २३.

पडद्यावर इमारत २ आली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पाहिलं. "दोन नंबरच्या इमारतीत माझी नणंद राहते," त्या म्हणाल्या. "तिला माझ्या आजाराचा पत्ताही लागणार नाही." कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मग त्या साहेबांकडे वळल्या. "हे तुम्ही कसून तपासलंत?"

"हा एक अपवादात्मक..."

"माझं घर अपवाद. यांचं घर अपवाद. शहरात आणखी किती अपवाद आहेत?"

ताईने मग सगळं सांगितलं, समजेल असं. जागा केवढी होती, कॉपी करणाऱ्याने उरलेलं कुठे टाकलं, कोणकोण ओरडून सांगत होतं आणि कुणी गप्प केलं. सांगताना ती एकओळेचं नाव घेणार होती. पण साहेब मान खाली घालून कागद चाळत होते आणि एकओळे मागच्या खुर्चीत घामाने निथळत बसला होता, तेव्हा ती म्हणाली, "लाल पट्टी काढायला साहेबांनी सांगितलं. का लाल आहे हे न विचारता."

"मॅडम!" साहेब ताडकन उठले.

"खोटं असेल तर सांगा ना. मी इथेच आहे."

साहेब उभेच राहिले.

रंगारी उठला तो आवाज न करता. धाकट्यासमोर जाऊन थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्याला वाटलं, पुन्हा हात उगारतो की काय. रंगारी मागे वळला, दाराकडे चालू लागला आणि निघून गेला.

*

धाकट्याला कामावर परत घेतलं. सगळे पडदे गाड्यांतून काढले आणि तोवर ड्रायव्हरांनी पत्ते रेडिओवर ऐकून हाताने लिहून घेतले. कंपनीत एकओळेला काढून टाकलं. साहेब जागच्या जागी राहिले.

ताईला हे कळलं तेव्हा तिचा पारा पुन्हा चढला. एकओळेवर ती कमी चिडलेली नव्हती. पण सगळ्यांच्या देखत त्याचं खोकं भरलं जात असताना केबिनचं दार बंद होतं, हे तिला सहन होईना. ती दार न ठोठावता आत गेली.

"त्याला परत बोलवा. मी त्याला शिकवीन. तीन महिने तो नुसत्या चाचण्या लिहील."

"तुम्ही राजीनामा द्यायला आलात असं मला वाटलं."

"मी का देऊ? मला काढायचं असेल तर काढून दाखवा. चौकशीवाले विचारतील का काढलं." ती समोरच्या खुर्चीत बसली. "आणि दुसरं काम. त्या बाईंच्या घरी जायचंय. मी काल धाकट्याबरोबर गेले होते. त्यांच्या नवऱ्याने आम्हाला दारातच उभं केलं."

ते खरं होतं. रंगाऱ्याने दार अर्धंच उघडलं होतं. आतून मशीनचा आवाज येत नव्हता, कसलाच येत नव्हता. धाकटा मान खाली घालून म्हणाला होता, "काकूंना बघायला आलो." रंगाऱ्याने त्याच्याकडे नाही, ताईकडे पाहिलं.

"मला एवढंच सांगा. त्या यंत्राला कळत होतं का, की पत्ता मावत नाही म्हणून?"

"हो," ती म्हणाली. "कळत होतं. सांगायची सोयही होती. ती काढून टाकली."

"म्हणजे नुसती चूक नाही."

"नाही. नुसती चूक नाही."

त्याने बराच वेळ मान हलवली. मग म्हणाला, "माफी मागायला तुम्ही येऊ नका. ज्याने काढून टाक म्हटलं, त्याला आणा. तो आला की दार उघडतो." आणि दार लावून घेतलं.

हे सगळं तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, बघू. वकिलांना विचारावं लागेल. आज मीटिंग आहे.

"मी थांबते," ताई म्हणाली.

आणि ती थांबली. मीटिंगला आलेले लोक तिला वळसा घालून बसले. फोन आले, ते तिच्यासमोरच घ्यावे लागले. एसीमुळे तिचे हात गारठले तरी ती हलली नाही. साहेबांनी दोनदा तिला काम नाही का म्हणून विचारलं. तिने दोनदा सांगितलं, हेच काम आहे. दुपार कलली तेव्हा त्यांनी पेन टेबलावर आपटलं, कोट उचलला आणि गाडीची किल्ली शोधू लागले.

चौदाव्या ओळीकडे जाताना गाडी साहेबच चालवत होते. साहेबांना रस्ता माहीत नव्हता. ताई नुसतं बोट दाखवत होती. रुळांना समांतर, मग लांबलचक वळसा, गोदामांच्या मागून, खड्ड्यांमधून. साहेब एकदा म्हणाले, "एवढं लांब आहे?" तिने पुढचं वळण दाखवलं.

रंगाऱ्याने दार पूर्ण उघडलं. खोली छोटी होती. खिडकीजवळ शिलाई मशीन, त्यावर चादर घातलेली, शेजारी अर्धवट शिवलेल्या कपड्यांचा ढीग, कुणीच परत न्यायला न आलेला. बाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, स्वतःचा नसल्यासारखा. डोळे मात्र पूर्ण जागे होते. त्यांनी आधी ताईला पाहिलं, मग कोटातल्या माणसाला, आणि तिथेच नजर रोखली.

रंगाऱ्याने एक लोखंडी खुर्ची पुढे ओढली. "बसा. तिला सगळं कळतं. बोलता येत नाही, तेवढंच."

साहेब बसले. घसा खाकरला. "बाई, आम्हाला अतिशय..." ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. "कंपनीच्या वतीने..." तेही पुढे जाईना. बाईंची नजर हलत नव्हती. साहेबांनी कपाळ पुसलं, खिडकीकडे पाहिलं, त्या ढिगाकडे पाहिलं, आणि शेवटी वळून ताईकडे पाहिलं. मीटिंगमध्ये अडले की ते तिच्याकडे असंच बघत. मग ती दोन वाक्यं बोलायची आणि त्यांची सुटका व्हायची.

ताई भिंतीला टेकून उभी होती. तिने त्यांच्या नजरेला नजर दिली आणि तोंड उघडलं नाही.

"सांगा," रंगारी म्हणाला. "आम्हाला कुठे जायचं नाहीये."